तिसरी जीभ

मासळीबाजारात एक बाई आपल्या रडणाऱ्या मुलीला म्हणाली, "गप बस, नाहीतर तो तीन जिभांचा येईल आणि चाटून चाटून तुझी कातडी काढील." मुलगी चार-पाच वर्षांची असेल. तिनं लगेच तोंड मिटलं, इतकं घट्ट की ओठ पांढरे पडले. मी वाम विकत घ्यायला उभा होतो. कोळणीनं वाम धरून माझ्यापुढे केली होती आणि ती तिच्या मुठीत वळवळत होती. मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, त्या बाईला विचारलं, "कोण हो हा तीन जिभांचा?" ती माझ्याकडे परगावचा असल्यासारखी बघायला लागली. "कोण म्हणजे? तो म्हातारा मास्तर. कालव्यापलीकडे चांभाराच्या घरात वर राहतो तो. तुम्ही विद्यापीठातले झगेवाले ना? तुम्हाला ठाऊक नाही?" मग तिनं छातीवर क्रूस काढला, मुलीच्याही छातीवर काढला, आणि दोघी धुक्यात शिरल्या. कोळीण म्हणाली, "घेताय का सोडू पाण्यात?" मी काहीच न घेता निघालो. तो म्हातारा मास्तर म्हणजे लुनार्दो फास्सेता, माझे गुरुजी. आणि तो तीन जिभांचा प्राणी मी तयार केला होता.

घरी जावंसं वाटेना. पादुआत हिवाळ्यात एक सोय आहे, कमानींखालून कितीही चालत राहा, कुणी विचारत नाही. मी चालत राहिलो. मनात पहिला विचार आला तो असा की हा माझा दोष नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं मला कुणी काही विचारलेलं नसताना मी उत्तरं जुळवत होतो. आमच्या धंद्यात शिव्या असतातच, हे पहिलं उत्तर. इथल्या विद्यापीठात प्रत्येक विषयाला दोन अध्यापक नेमतात, मुद्दाम एकमेकांच्या विरुद्ध मतांचे, आणि दोघांनी एकाच ग्रंथावर एकाच तासाला समोरासमोरच्या दालनांत बोलायचं असतं. विद्यार्थी हवं तिकडे जातात. दुपारी दोघांनी चौकात उभं राहून सगळ्यांदेखत भांडायचं, हा नियमच आहे. भांडला नाही तर दंड. अशा भांडणात सात डोक्यांचा साप, एकडोळ्या राक्षस, शेळीच्या धडाचा सिंह हे सगळे रोज हजेरी लावून जात. लॅटिनमध्ये एकमेकांना जनावर म्हणायचं आणि संध्याकाळी एकाच बाकावर बसून दारू प्यायची, असंच चाललेलं होतं. गुरुजींनी स्वतः तरुणपणी आपल्या प्रतिस्पर्ध्याला एकडोळ्या म्हटलं होतं, "त्याला डोळा एक, आणि तोही तिरळा." तो प्रतिस्पर्धी वारला तेव्हा गुरुजी त्याच्या शवपेटीमागून भर उन्हात रडत गेले होते. मला हे सगळं माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. आम्हा सगळ्या शिकलेल्यांची एक समजूत होती की लॅटिन म्हणजे कुलूप लावलेली खोली आहे. आत काहीही बोला, बाहेर ऐकू जात नाही.

गुरुजींच्या समोरच्या दालनात तादेओ कोर्बेल्ली शिकवत, आणि मी त्यांचा लेखनिक होतो. त्यांना मी धनी म्हणत असे. धनी देखणे, आवाज मोठा, वाचन बेताचं. वाचन माझं होतं. माझ्याकडे एक जाड वही होती, आमच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे असते तशी. वाचताना जे सापडेल ते मथळ्याखाली उतरवून ठेवायचं: मैत्री, मृत्यू, कृतघ्नता, राक्षस. मैत्रीची तीन पानं भरली होती. राक्षसांची एक्केचाळीस. भांडणाची वेळ आली की धनी म्हणत, "बोर्तोलो, काढ रे तुझी जनावरं," आणि मी वही उघडत असे. त्या वर्षी वाद आत्म्यावर होता. गुरुजी म्हणत, नुसत्या बुद्धीनं पाहिलं तर आत्मा देहाबरोबर मरतो असंच दिसतं, श्रद्धा सांगते तो अमर आहे, आणि आपण श्रद्धेपुढे डोकं टेकतो. दोन्ही गोष्टी ते त्याच शांत आवाजात सांगत आणि त्यांना रात्री झोपही लागे, याचा धन्यांना राग होता. त्यांना एक पुस्तिका हवी होती. वहीतली जनावरं मी एकेक पुढे केली. धनी मान हलवत राहिले. "शिळी आहेत रे सगळी. त्याच्यासाठी काहीतरी नवं आण." मग मी तीन दिवस घरी बसलो आणि वहीत नसलेला एक प्राणी लिहिला. खरं सांगायचं तर ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. दुसऱ्यांची वाक्यं उतरवून उतरवून माझा हात झिजला होता, आणि इथं एक एक शब्द माझा उतरत होता, जिवंत, दात असलेला. मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा धनी इतके हसले की त्यांना ठसका लागला. एक वाक्य तेवढं त्यांनी काढायला लावलं. बाकीचं त्यांच्या नावानं व्हेनिसला छापलं गेलं.

छापणाऱ्यानं पहिल्या पानावर चित्र घातलं. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, खप होईल. चित्रात अध्यापकाचा झगा, अध्यापकाची टोपी, आणि जबड्यातून बाहेर लोंबणाऱ्या तीन जिभा, एक सापाची, एक कुत्र्याची, एक माणसाची. चेहरा गुरुजींसारखा मुळीच नव्हता, पण झगा पुरेसा होता. उन्हाळ्यात बाजारात गाणी गाऊन विकणाऱ्या कुणीतरी त्या चित्राचा ठसा मिळवला, त्याखाली इथल्या बोलीत बारा ओळी छापल्या, गावाचं नाव घातलं, कालव्याचं नाव घातलं, आणि जत्रेत पोटाला ढोलकी बांधून गात सुटला. लोकांना आत्म्याच्या वादाशी काय करायचं होतं? त्यांना एवढंच कळलं की विद्यापीठातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी तपासून, छापून सांगितलंय की कालव्यापलीकडे एक तीन जिभांचा राहतो. आमच्या शिवीवर आमच्यापेक्षा त्यांचा जास्त विश्वास बसला. गुरुजी वर्गात शिकवायचे की राक्षस म्हणजे निसर्गाचा हात घसरणं, कुंभाराचा घसरतो तसा, त्यात भय नाही आणि शकुनही नाही. आता त्यांच्यापुढे बसून हे ऐकायलाच कुणी जाईना. आधी विद्यार्थी चेष्टा म्हणून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत. मग चेष्टा संपली, बघणं राहिलं. मग बाकं रिकामी. नोव्हेंबरात ते रिकाम्या बाकांपुढे तासभर बोलले असं मी ऐकलं, आणि त्या दिवशी आमचं दालन इतकं भरलं होतं की खिडकीत मुलं बसली होती. डिसेंबरात ते आले नाहीत. मी हे सगळं बघत होतो. एकदा ते समोरून येताना दिसले, गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला, आणि मी चर्चमध्ये शिरलो. आत कुणाचं तरी लग्न चाललं होतं. मी उभा राहून सगळं लग्न पाहिलं.

बाजारातून निघालो तो शेवटी धन्यांच्याच दारात पोचलो. ते शेगडीशी पाय शेकत होते. मी त्या मुलीचं सांगितलं. ते हसले नाहीत, पण दचकलेही नाहीत.

"मग? मी काय करू म्हणतोस?"

"दोन ओळी लिहाव्यात. चर्चच्या दारावर लावू. बोलीतच लिहू. की ते फक्त वादाचं बोलणं होतं, माणूस माणसासारखा माणूस आहे."

"म्हणजे मी कबूल करायचं की मी खोटं छापलं?"

"खोटं नाही, धनी. अलंकार."

"बोलीत अलंकाराला खोटंच म्हणतात, बोर्तोलो." त्यांनी पाय मागे घेतले. "तुझाच प्राणी आहे. तुला एवढा कळवळा आलाय तर तू सांग जाऊन. पण मग सगळंच सांग हं. पुस्तिका कुणाच्या हातची ते सांगितलंस की इथलं तुझं काम संपलं, एवढं ध्यानात ठेव."

 मला कामाची भीती वाटली असं कुणाला वाटेल, आणि ती वाटलीच. पण त्याहून एक गोष्ट वाईट होती. "कुणाच्या हातची" हे शब्द ऐकून माझ्या छातीत जे हललं ते भय नव्हतं. वर्षभर लोक त्या पुस्तिकेतली वाक्यं माझ्यादेखत धन्यांना म्हणून दाखवत होते आणि धनी मान तुकवत होते. मी शाई भरत होतो. आता गुरुजींना सांगायला जावं असं मला वाटलं तेव्हा त्यात पश्चात्ताप किती आणि दुसरं काय किती, हे मी वेगळं करून पाहिलं नाही. सांगितलं की त्यांचा जीव हलका होईल, एवढंच मी स्वतःला बजावलं. ज्यानं बागुलबुवा केला त्यानंच जाऊन म्हणावं, हा मीच केला, कापड आणि काठ्या आहेत, तर मूल हसतं. असं मला वाटलं.

चांभाराची बायको झानेता जिन्याखाली चामडं भिजवत बसली होती. मला ओळखून तिनं हात पुसले. मी विद्यार्थी असताना वर्षभर त्याच घरात राहिलो होतो.

"आलास होय? फार लवकर आलास रे बाबा! नातलग असतास तर एव्हाना कफन घेऊनच आला असतास."

"कसे आहेत?"

"कसे असणार? आज पाचवा दिवस, पोटात अन्न नाही. कोणासमोर तोंडच उघडत नाहीत. मी पेज नेते, म्हणतात ठेव आणि भिंतीकडे तोंड कर. मी करते. मागे वळते तर पेज जशीच्या तशी. काल माझा नवरा म्हणाला, म्हाताऱ्याला खरंच काही असेल का गं आत? मी म्हटलं, मेल्या, वीस वर्षं माझ्या हातचं जेवतोय तो माणूस, मला दिसलं नसतं? उचलली जीभ लावली टाळ्याला!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण खरं सांगू? जेवताना कोण कोणाच्या तोंडात बघतं? मीही कधी पाहिलं नव्हतं रे."

वर खिडकीला कापड लावलेलं होतं. गुरुजी उशीला टेकून बसले होते आणि तोंडावर तोच लोकरी गळपट्टा होता. डोळे फक्त दिसत होते, पूर्वीसारखेच, समोरच्याचं वाक्य पुरं होण्याची वाट पाहणारे. मला बघून ते उजळले. त्यानं मला फार लाजल्यासारखं झालं.

"बोर्तोलो! दार लाव. तू बरा आलास. मला एक माणूस हवाच होता, ज्याला बघता येतं आणि जो खोटं बोलत नाही." कापडाआडून आवाज जाड येत होता. "दात उपटायला येतो त्या न्हाव्याला बोलावलं होतं मी, तोंडात बघायला. तो जिन्यातूनच पळाला."

"गुरुजी, तुम्ही जेवत का नाही?"

"ते नंतर. आधी हे ऐक. मी व्यवस्थित विचार केलाय. हजार माणसं म्हणतात एक गोष्ट आहे, आणि एकटा मी म्हणतो नाही. मी तुम्हाला शिकवलं की एकटा माणूसही बरोबर असू शकतो. शिकवायला सोपं होतं रे ते. बाकं भरलेली असताना सोपं होतं."

"आरशात पाहा ना एकदा."

"पाहिलं. पण पाहणारा कोण? मीच ना? आरोपीची साक्ष आरोपीच्या बाजूनं, ती कशी धरायची? आणि खरं सांगू, मोजताना माझा घोळ होतो. एक दिसते. मग वाटतं, खाली काहीतरी आहे. तू बघ. बघून सांग."

त्यांनी गळपट्टा खाली ओढला. दाढी वाढलेली, ओठांना चिरा. ज्या माणसानं मला विचार करायला शिकवलं तो माणूस खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून, माझ्यापुढे आ करून बसला. मी कापड बाजूला सारलं आणि वाकलो. उपाशी तोंडाचा आंबट वास आला. मागच्या दोन दाढा पडलेल्या होत्या. जीभ होती, एक, म्हाताऱ्याची, वर पांढरा थर, आणि ती थरथरत होती. त्यांनी ती उचलून दाखवली. खाली निळी शीर होती, आणखी काही नव्हतं. मी हे सगळं पाहिलं आणि मला जाणवलं की मी शोधत होतो. क्षणभर का होईना, मी, ज्यानं तो प्राणी टेबलाशी बसून केला होता, तो दुसरी जीभ शोधत होतो.

"एकच आहे, गुरुजी."

"नीट पाहिलंस?"

"शपथ घेतो. एकच."

त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तू पहिल्यापासून दयाळू. दयाळू माणसाची साक्षही धरता येत नाही."

मग मी बोललो. गुडघ्यावर बसलो नाही, रडलोही नाही, भराभर बोललो. म्हटलं, ते सगळं मी लिहिलं. तादेओंनी नाही. पुस्तिका माझ्या हातची आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि तो प्राणी मी बसून बनवला, म्हणून मला ठाऊक आहे की तो नाही. जे नाही ते तुमच्या तोंडात कसं असेल? मी बोलत होतो आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. मला वाटलं, आता हे चिडतील. चिडावेत असं फार वाटलं. पण ते हळूच हसले.

"मला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याचं पाप अंगावर घेतोस? नको रे बाळा. ते तुझं नाही."

"माझंच आहे."

"नाही. मी सहा वर्षं तुझे निबंध तपासले. तुझं लिहिणं स्वच्छ, नेटकं. पण त्याला दात नव्हते कधी. ती पुस्तिका मी दहादा वाचलीय. अन्याय आहे तो, पण लिहिणारा मोठा आहे. तादेओ असो की आणखी कोणी असो. तुझ्यानं ते झालं नसतं." आणि माझा हात थोपटून म्हणाले, "त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनी मोठंच व्हायला हवं असं थोडंच आहे?"

तिथं मी उठायला हवं होतं. उठून झानेताला पेज आणायला सांगायला हवं होतं. त्यांना माझं खरं पटलं नव्हतं, पण हात माझ्या हातावर होता, आणि कदाचित माझ्यादेखत दोन घास त्यांनी खाल्लेही असते. मी त्या उपाशी माणसाचा विचार केला नाही. माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं: तुझ्यानं ते झालं नसतं. मी उभा राहिलो आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, एक पाय पुढे टाकून, तो परिच्छेद म्हणायला लागलो.

"या प्राण्याला जिभा तीन. पहिलीनं तो तरुणांना सांगतो, मराल आणि संपाल. दुसरीनं तो पाद्र्यांना सांगतो, मी असं म्हटलंच नव्हतं. आणि पहिली दुसरीला चावू नये म्हणून देवानं त्याला दात विरळ दिले." एवढं छापलेलं होतं, कुणीही पाठ करू शकला असता. त्यांची भुवई तशीच होती, दयाळू. म्हणून मी पुढचं म्हटलं, जे धन्यांनी काढायला लावलं होतं. ते वाक्य वाचून धनी म्हणाले होते, हे नको, यानं त्याचा माणूस होतो, राक्षसाला बायको नसते. मी म्हटलं, "तिसरी जीभ तो कुणालाच दाखवत नाही. संध्याकाळी दार लावून, ताटासमोर दुसरं ताट मांडून, तो तिनं आपल्या मेलेल्या बायकोशी बोलतो, आणि तिला विचारतो की आहेस का गं तू अजून, आणि जो आत्मा मरतो असं त्यानं सकाळी सिद्ध केलं, त्याला मीठ वाढतो."

आमच्या दोन खोल्यांमध्ये एक लाकडी भिंत होती. मी त्या घरात राहिलो त्या वर्षी रोज संध्याकाळी मी ते बोलणं ऐकत असे. दुसऱ्या कुणालाही ते माहीत असणं शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरची दया सावकाश गेली. तिच्या जागी काही आलं नाही. त्यांनी आपला हात काढून घेतला, गळपट्टा उचलला, आधी ओठ झाकले, मग नाक, आणि भिंतीकडे कूस वळवली. झानेता पेज घेऊन आली तेव्हा ती त्यांच्या पाठीशी बोलली, मीही बोललो, तिनं मला खांद्याला धरून "काय केलंस रे, काय बोललास तू त्यांना?" असं विचारलं. ते तोंड नंतर उघडलं नाही. न पाद्र्यासाठी, न पाण्यासाठी. उपासाच्या आठव्या दिवशी ते गेले आणि झानेतानं सांगितलं की गळपट्टा सोडवायला तिला कात्री लागली.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मी कितीतरी वेळ त्या खोलीत त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो. क्षमा मागावी असं तोंडापर्यंत येत होतं आणि मी मागत नव्हतो. आज मला त्याचं कारण ठाऊक आहे. मी वाट पाहत होतो. ते वळतील आणि वाक्य चांगलं उतरलंय म्हणतील, याची.